अंकुशच्या पिकअपचं वाक्य

वाळूखिंड तालुक्यात गाडीचा सायलेन्सर एकच वाक्य बोलतो, आणि ते वाक्य खरं आहे की नाही हे पीयूसी केंद्रात तपासलं जातं. बाकीच्या तालुक्यांत नुसता धूर तपासतात म्हणे. वाळूखिंडीतल्या लोकांना ते अर्धवट काम वाटतं. सायलेन्सर खोटं बोलायला लागला की काळा धूर सोडतोच, मग मूळ सोडून धुराच्या मागं कशाला लागायचं?

वाक्य भरायचं काम मुलाणी मिस्त्री करतात. ते पाइप कापतात, मालक कापलेल्या टोकाला ओठ लावून आपलं वाक्य बोलतो, आणि आवाज निसटायच्या आत मिस्त्री पाइपाच्या तोंडात ओलं फडकं कोंबून जोड मारून टाकतात. पाइप कापल्यानं तापलेला असतो. त्यामुळं ज्याचे ओठ भाजलेले दिसतील, त्यानं नुकतंच वाक्य बदललंय हे गावाला न विचारता कळतं.

अंकुश लोखंडेच्या पिकअपमध्ये त्याच्या वडिलांनी वाक्य भरलं होतं: ‘दोघं भाऊ एका ताटात जेवतात.’ म्हाताऱ्यानं मोठ्या विश्वासानं भरलं आणि पुढं तो वारला. लहू थोरला, अंकुश धाकटा. दोघांची लग्नं झाली, लहूच्या मिशा पिकायला आल्या, तरी दोघं रोज एका ताटात जेवत होते. दोघांच्या बायकांना ते बिलकूल आवडत नसे, पण घरची डाळिंबं बाजारात जायची तर गाडी चालायला हवी होती.

मग एके दिवशी अडत्याच्या दुकानात, चार व्यापाऱ्यांसमोर, लहू बोलून गेला, “आमचा अंकुश क्रेटात खाली बारकी फळं भरतो. वरचं बघून भाव करू नका.” हे खरं होतं. खरं होतं म्हणूनच अंकुशला ते जास्त लागलं. त्या संध्याकाळी त्यानं वेगळं ताट घेतलं. दुसऱ्या दिवशी पिकअपनं असा धूर सोडला की निम्म्या आळीला धुणी पुन्हा धुवावी लागली. पीयूसीत गाडी नापास झाली, त्याच आठवड्यात वाटण्या झाल्या, आणि लहू बिऱ्हाड उचलून डांबरी रस्त्याकडेच्या रानातल्या घरात राहायला गेला. पिकअप अंकुशकडं आली. भावाशी बोलणं बंद झालं.

आता गाडीला नवं वाक्य हवं होतं. बागेत फळं तडकायला लागली होती.

“नवा पाइपच टाका की,” अंकुश मिस्त्रींना म्हणाला.

“टाकतो. पण नवा पाइप वरीसभर बोलत न्हाई. आणि मुकी गाडी रस्त्यावर चालत न्हाई, कायदा हाय.” मिस्त्रींनी जुना पाइप बोटानं वाजवून बघितला. “ह्यातच भरू. पण दर येळी वीतभर कापावा लागतो. तीन डाव निघतील. चौथ्याला पाइप उरत न्हाई.”

“सरळ ठेवायचा का वाकवायचा?”

“सरळ ठेवला तर वाक्य लांबवर जातं. वाकवला तर जवळच्यालाच ऐकू येतं. दुहेरी तोंड केलं तर दोनदा बोलतो, पण लग्नाच्या गाड्या सोडल्या तर कुणी करत न्हाई. आधी काय बोलायचं ते ठरवा.”

अंकुशची बायको वनिता व्यवहारी बाई. तिनं सांगून ठेवलं होतं, “‘ही गाडी आहे’ एवढंच भरा. जन्मात नापास व्हायची न्हाई.” तालुक्यातले सावध लोक हेच भरतात. पण अंकुशला ते मिळमिळीत वाटलं. बँडवाल्यांनी हौसेनं ‘वाजंत्री आत आहेत’ भरलं, तेव्हापासून सनईवाला गाडीतून खाली उतरू शकलेला नाही, हे उदाहरण समोर असूनही अंकुशला काहीतरी ठसठशीत हवं होतं. त्यातून बाजाराचा रस्ता लहूच्या दारावरून जातो. वाक्य लहूनं ऐकायला हवं होतं.

“सरळ ठेवा,” तो म्हणाला, आणि पाइपाला ओठ लावून बोलला, ‘माझं कुणावाचून अडत नाही.’

पीयूसी केंद्रातल्या बाबर मॅडमनी सायलेन्सरमध्ये नळी घातली, गाडी रेस करायला लावली, वाक्य शांतपणे ऐकून घेतलं आणि यंत्राकडं बघितलं.

“नापास.”

“कशावरून?”

“यंत्र कारण देत नाही.”

“अहो, घर वेगळं, रान वेगळं. माझं काय अडतंय?”

“ते तुम्ही बघा. पुढची गाडी घ्या.”

अंकुश भाजलेल्या ओठांना तूप लावत परत आला. दुसऱ्या खेपेला त्यानं रागाच्या भरात घोडचूक केली. त्यानं भरलं, ‘मी बारकी फळं खाली भरत नाही.’ केंद्रात त्या दिवशी गाड्यांची रांग होती आणि रांगेत निम्मे डाळिंबवाले होते. मॅडमनी रेस करायला लावली. सायलेन्सर खणखणीत बोलला आणि लगेच एवढा काळा धूर आला की मॅडमना यंत्राकडं बघायचीही गरज पडली नाही. रांगेतलं कुणी हसलं नाही. सगळे आपापल्या क्रेटांकडं बघत राहिले.

“आता शेवटचा डाव,” मुलाणी मिस्त्री म्हणाले. “अंकुशराव, जे हाय तेच बोला. नसलेलं बोलून पाइप वाया घालवू नका.”

अंकुशनं पाइप हातात घेतला. त्याच्याजवळ खात्रीनं खरी अशी एकच गोष्ट होती. ती त्यानं हळू आवाजात सांगितली. मिस्त्रींनी फडकं कोंबलं, जोड मारला, आणि यावेळी बाबर मॅडमनी पावसाळ्यापर्यंतचं प्रमाणपत्र दिलं.

‘मी लहूदादावर रागावलेलो आहे,’ असं म्हणत पिकअप डाळिंबं घेऊन बाजाराला जायला लागली.

सकाळी जाताना एकदा आणि दुपारी येताना एकदा वाक्य लहूच्या दारावरून जाई. पहिले काही दिवस लहू दार लावून घेई. मग दार उघडं राहायला लागलं. पुढं तो त्या वेळेला कडुलिंबाखाली बाज टाकून बसायला लागला. धाकट्याकडून येणारा तेवढाच एक शब्द होता, तो कशाला चुकवायचा, असं त्यानं बायकोला सांगितलं म्हणे. अंकुशही त्याच्या दारापाशी गाडी सावकाश घेई. वाक्य नीट पोचावं एवढाच हेतू होता, असं तो वनिताला सांगे. एकदा क्लॅम्प ढिला होऊन वाक्य खडखडत होतं, तर लहूनं बाजेवरूनच बोटानं गाडीखाली खूण केली. अंकुशनं मान फिरवली, पण पुढच्या वळणावर उतरून क्लॅम्प आवळला.

एके दिवशी बाज मोकळी दिसली. दुसऱ्या दिवशीही मोकळीच. लहू तापानं पडलाय हे अंकुशला दूधवाल्याकडून कळलं. त्या दिवशी बाजारात कसलंही काम नसताना त्यानं गाडी त्या रस्त्यावर चार वेळा नेली. भावाला आत झोपल्या जागी ऐकू जावं म्हणून दारासमोर थांबून रेसही केली. मी रागावलेलो आहे, मी रागावलेलो आहे, असं पिकअप ओरडत राहिली. तेव्हा पाइपातून जरासा काळा धूर आला. अंकुशनं तो बघितला आणि डिझेलला दोष दिला.

लहू ताप उतरून पुन्हा बाजेवर बसायला लागला, आणि धूर वाढतच गेला. शेवटी गाडी केंद्रात न्यावी लागली.

बाबर मॅडमनी दोनदा तपासलं. “वाक्य खोटं झालंय.”

“असं कसं होईल? मी रागावलेलोच आहे.”

“यंत्र नाही म्हणतंय.”

“चार माणसांत बोलला तो मला. विचारा कुणालाही.”

“बोलले असतील. पण तुम्ही आता रागावलेले नाही. नापास गाडी चालू करता येत नाही, ढकलत न्या.”

राग गेला ही गोष्ट अंकुशला तालुक्यात सगळ्यात शेवटी कळत होती, आणि पाइप तर संपला होता. आता त्या दारावरून काय म्हणत जायचं, हे त्याला सुचेना. खिडकीतून एक हात स्टिअरिंगवर ठेवून आणि खांदा दाराच्या चौकटीला लावून तो गाडी ढकलत निघाला.

रस्ता लहूच्या घरापर्यंत सपाट आहे. घरापाशी चढ लागतो. तिथं गाडी अडली.

रोजच्या वेळेला वाक्य आलं नाही म्हणून लहू रस्त्यावर येऊन उभा होता.

“बंद पडली?”

“न्हाई. नापास झाली.”

लहूला पीयूसीचे नियम माहीत होते. त्यानं एकदा सायलेन्सरकडं बघितलं. मग त्यानं खांद्यावरचा टॉवेल डोक्याला गुंडाळला आणि मागच्या फळीला हात लावले.

“ब्रेक सोडलायस का?”

“सोडलाय, दादा.”

गाडी चढाला हलली, थोडी गेली आणि पुन्हा जागेवर आली.

“तू निस्ता हात लावून चालायला लागलायस,” लहू मागून म्हणाला. “जोर लाव.”

हे खरं होतं. अंकुशनं जोर लावला.