मास्तरांची कात्री आणि सलूनवाल्याचं पोट

शिंपीमास्तरांना आतड्याच्या ऑपरेशनचं दुःख नव्हतं, शौचासाठी पोटावर आलेल्या पिशवीचंही फारसं नव्हतं. दुःख होतं ते कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याच्या पोटाचं. दोघांची ऑपरेशनं एकाच आठवड्यातली, पिशव्या एकाच दुकानातल्या. पण मास्तरांच्या पिशवीभोवतीची कातडी लालभडक झालेली, आणि त्या सलूनवाल्याची लोण्यासारखी. तपासणीच्या खोलीत सिस्टर सगळ्यांदेखत म्हणाली होती, "कातडी राखावी तर अशी." तेव्हापासून मास्तरांना अन्न गोड लागेना.

"अहो, आग का होते ते सिस्टरांना विचारा की," बायको म्हणाली.

"त्याच्यासमोर? मेलो तरी नाही."

"मग चकती मी कापून देऊ?"

पिशवी पोटाला चिकटते ती या चकतीने, आणि पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाभोवती ती बसावी म्हणून मधोमध त्या तोंडाच्या मापाचं भोक कापावं लागतं. मास्तरांच्या दुकानात काजं बायकोची आणि कापणी मास्तरांची, ही वाटणी लग्नापासूनची.

"माझ्या कात्रीला हात लावायचा नाही," ते म्हणाले.

मग सलूनवाल्याचं गुपित काढायला ते दाढीच्या निमित्ताने त्याच्या खुर्चीत जाऊन बसले.

"पोटाला लावता काय हो तुम्ही?"

"काही नाही. कोरडं ठेवतो, बस." सलूनवाल्याच्या हातात नेमका पावडरचा डबा होता. चोर सापडला, असं मास्तरांना वाटलं.

घरी जाताना त्यांनी गुलाबाच्या वासाची पावडर घेतली आणि सकाळी पोटाला माखली. पावडरीवर चकती चिकटेना, म्हणून वरून पायजम्याचं इलास्टिक आवळलं. दुकानात बँकेचे साहेब पँट शिवायला आले. मास्तर उंची घ्यायला वाकले आणि इलास्टिक सरकलं. साहेबांना आधी गुलाबाचा वास आला, मग दुसरा. ते माप अर्धवट टाकूनच निघून गेले.

झक मारत मास्तर सिस्टरकडे गेले. बाकावर सलूनवाला हजर होताच.

"भोक कुणी कापलं हे?" सिस्टरने विचारलं.

"मीच. दुसरं कोण कापणार?"

"केवढं मोठं ठेवलंय. मधल्या उघड्या कातडीला घाण लागते, म्हणून आग होते."

"जरा सैल ठेवलं. पुढे अंग सुटलं तर?"

"मास्तर, हे तोंड सुटत नाही, ऑपरेशननंतर आटत जातं. दर आठवड्याला माप घ्यायचं आणि बेताचं कापायचं. यांचं बघा."

सलूनवाल्याने हौसेने शर्ट वर केला. भोक अगदी नेमकं बसलं होतं, कडेला नावापुरती फट. मास्तरांचा जळफळाट झाला, पण कारागिराची नजर खोटं बोलेना. असं कापणारा हात त्यांनी कुठेतरी पाहिला होता.

"कुणाकडून कापून घेता?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

सलूनवाला गोंधळला. "वहिनींकडून. आमची ही चकत्या घेऊन तुमच्याच घरी येते की. मला वाटलं, तुमच्याही त्याच कापतात."

मास्तर घरी आले. बायको चष्मा लावून चकतीच कापत बसली होती. त्यांनी आपली मोठी कात्री तिच्यापुढे ठेवली, शर्ट वर केला आणि स्टुलावर बसले.

"माप न घेताच कापतेस होय माझी?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुमची कुठली? ही सलूनवाल्या भाऊजींची," बायको मान वर न करता म्हणाली. "तुमचा नंबर त्यांच्यानंतर. आणि ती कात्री उचला, मला काजाचीच पुरते."