वरच्या खोलीतली टीम

निरंजनला शिवी दिली की तो चष्मा पुसतो आणि विचारतो, "चाचा, हा राग झाला. प्रश्न काय आहे?"

मी पिरंगुटला जुनी दारं-खिडक्या विकतो. पाडायला काढलेल्या घरांतला माल उचलायचा, घासूनपुसून फार्महाऊसवाल्यांच्या गळ्यात मारायचा. हातगाडीवर सुरुवात केली, आज स्वतःचं गोडाऊन आहे. लाकूड सागाचं की नुसतं रंगवलेलं, हे मी बोटानं वाजवून सांगतो. भावात मला कुणी हरवलेलं नाही. आणि या माणसानं मला वाजवताही न येणारं नाणं विकलं. माझं दुखणं हेच.

मुठा गावातल्या माझ्या घराची वरची खोली त्यानं भाड्यानं घेतली. शांतता हवी होती म्हणे. दिवसभर लॅपटॉपवर स्वतःचं क्रिप्टो नाणं घडवायचा. मी आधी हसलो, मग चौकशी केली, मग घासाघीस करून घेतलं. घेण्याआधी मी सातबारा मागितला. तो म्हणाला, कोड सगळ्यांसाठी उघडा आहे, कुणीही वाचावा. मी म्हणालो, "मला वाचता आला असता तर तुज्याकडं कशाला आलो असतो?" हे त्यानं वहीत लिहून घेतलं. प्रत्येक तक्रार तो वहीत लिहायचा आणि खाली उत्तरासाठी चार ओळी मोकळ्या सोडायचा.

पुढं भाव पडला. नाणं घेतलेल्यांच्या ग्रुपवर लोक त्याच्यावर तुटून पडले, सगळ्यात पुढं मी. उत्तरं द्यायला त्याची चौघांची टीम होती: तो स्वतः, मार्केटिंगची शलाका, कोड तपासणारा ओंकार आणि सिंगापूरला बसलेला विवेक. चौघं एकमेकांशी फार अदबीनं बोलायची. निरंजनच्या वाढदिवसाला तिघांनी शुभेच्छा दिल्या, विवेकनं केकचं चित्र टाकलं. एवढी माणसं टिकून आहेत म्हणजे मालात दम आहे, असं समजून मी विकायचा थांबलो.

एकदा मी गोडाऊनमध्ये असताना मुठ्याहून आलेला टेम्पोवाला म्हणाला, "सकाळपासनं लाईट न्हाई चाचा, टॉवरबी बंद हाय." मी ग्रुप उघडला. शिव्यांवर शिव्या, उत्तर एकाचंही नाही. शलाका गप्प, ओंकार गप्प. सिंगापूरचा विवेकही गप्प. सिंगापूरची लाईट मुठ्याच्या खांबावरून जाते, हे मला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी जिना चढलो तो खोली खाली करून घ्यायची आणि ग्रुपवर याचा पंचनामा करायचा हे ठरवूनच. टेबलावर मेणबत्तीच्या उजेडात चार मोबाईल ओळीनं ठेवलेले, प्रत्येकाच्या पाठीवर नावाची चिठ्ठी. मग मी लई बोललो. ते इथं लिहिता येणार नाही.

त्यानं चष्मा पुसला. "चाचा, हा राग झाला. प्रश्न काय आहे?"

भाव पडल्यापासून मी पहिल्यांदा प्रश्न विचारला. "ही तिघं कुटं हायेत?"

भाव पडला त्याच आठवड्यात गेली, म्हणाला. नोकऱ्या धरल्या. लोक घाबरू नयेत म्हणून त्यांच्या नावानं तोच लिहीत राहिला. मी विचारत गेलो, तो सांगत गेला. काय अडलंय, कुठं त्याचंच चुकलं, एकट्यानं किती ओढायचं. भाव परत येईल का, यावर तो सरळ "माहीत नाही" म्हणाला. माझ्या धंद्यात हा शब्द मी ऐकलेला नाही.

"मग मला का न्हाई सांगितलंस? खालीच तर राहतो मी."

"तुम्ही विचारलं नाहीत, चाचा."

पुन्हा डोकं फिरलं. पण एक गोष्ट खटकत होती. "वाढदिवसाला तर कुनी भाव इचारत नव्हतं. मग त्या तिघांच्या शुभेच्छा कुनासाठी टाकल्यास?"

तो चष्मा पुसत राहिला. काच केव्हाच स्वच्छ झाली होती. हा प्रश्न त्यानं वहीत लिहिला नाही.

लाईट आली. थोड्या वेळानं चारही मोबाईल एकामागून एक थरथरू लागले. त्यानं फक्त स्वतःचा उचलला. "टीममध्ये मी एकटाच उरलोय," एवढंच ग्रुपसाठी लिहिलं आणि पाठवण्याआधी मोबाईल माझ्यापुढं धरला. हे वाक्य गेलं की माझं नाणं मातीमोल होणार, हे मला कळत होतं. आधी आपलं विकावं आणि मग याला पाठवू द्यावं, हेही मनात येऊन गेलं.

"पाठव," मी म्हणालो.

आयुष्यातला सगळ्यात आतबट्ट्याचा सौदा. त्याबद्दल मी त्याला अजून माफ केलेलं नाही. वरची खोली मात्र त्याच्याकडेच आहे.