शेवटची पंधरा मिनिटं

कसबा बावड्यातले आमचे शेजारी तात्या चौगले सिनेमाला तारे देत नाहीत, उतारा देतात. उसातून साखर किती निघाली, तो उतारा. सगळी नोकरी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रस तपासण्यात गेली, त्यामुळे निवृत्तीनंतर घरी बसून जुने सिनेमे बघायला लागले तरी माप तेच राहिलं. रोज सकाळी कॉलनीच्या ग्रुपवर त्यांचं परीक्षण येतं. 'नायिका झकास, गाणी गोड, उतारा बारा.' किंवा 'नायक दोन तास नुसता बघतोय. चिपाड.' भुताखेतांच्या मालिकाही त्यांच्या तावडीतून सुटत नाहीत. 'ह्या भुताला पगार वेळेवर मिळत नसावा. मन लावून भ्या घालत न्हाय.'

मी हायस्कूलमध्ये मराठी शिकवतो, पण इतकं नेमकं मला लिहिता येत नाही. तात्यांवर माझा आंधळा विश्वास होता, आणि तोच नडला.

गेल्या रविवारी मुलीचे होणारे सासू-सासरे नेसरीहून जेवायला आले होते. तांबडा-पांढरा रस्सा झाला, गप्पा संपल्या, आता करायचं काय म्हणून मी तात्यांनी उचलून धरलेला एक जुना कृष्णधवल सिनेमा लावला. परीक्षण मला पाठ होतं: 'शेवटी सासू-सुनेचं मस्त जमतं. पाहुण्यांसोबत बघावा.' शेवटच्या पाच मिनिटांत सासूनं दुधात विष कालवून सुनेला पाजलं. विहीणबाईंच्या हातातली चहाची बशी हातातच राहिली. मुलगी माझ्याकडे बघेना, आणि बायको बघायची थांबेना.

"ह्यो तुमी मुद्दाम लावलासा व्हय?" विहीणबाईंनी विचारलं. व्याही मोठ्यानं हसले म्हणून निभावलं.

पाहुणे गेल्यागेल्या मी तणतणत शेजारी गेलो. तात्या एकटेच टीव्हीसमोर बसले होते. पडद्यावर एक बाई दारात उभी, आणि सिनेमा थांबवलेला.

"तात्या, ती सासू विष घालते!"

"घालती?" तात्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "सुशी तर म्हणलेली, दोघी मिळून पापड लाटत्यात."

सुशी म्हणजे त्यांची बायको, आमच्या सुशीलाकाकू. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली.

"म्हणजे तुम्ही शेवट बघितलाच नाही?"

"एकाबी पिक्चरचा न्हाय."

मी मटकन खुर्चीत बसलो.

"मास्तर, तीनचा खेळ सुटायचा सहाला. आनि सहालाच म्हशीची धार. म्हस थांबतीय व्हय? पंधरा-वीस मिनिटं ऱ्हायली की आमी उठायचो. सायकलीवर मागं बसून ही मला शेवट सांगायची. कोन मरायचं न्हाय तिच्या शेवटात. पुढं म्हस गेली, घरात टीव्ही आला, तरी म्हणायची, बंद करा, मी सांगतो."

दोन वर्षं अख्खी कॉलनी एका गेलेल्या बाईनं रचलेले शेवट वाचत होती, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

"आता तरी बघा एखादा," म्हणून मी रिमोटला हात घातला. तात्यांनी तो असा हिसकावला की मी दचकलो.

"हात लावू नगा! आमी दोघांनी बघितल्याले सगळे लिहून संपले, मास्तर. ह्यो तिनं बघितलेला न्हवता. चार दिस झालं इथंच थांबवलाय, शेवट सुचंना." "ह्यो अडला, म्हंजी ती संपलीच की."

माझा राग कुठल्या कुठे गेला. विषय बदलावा म्हणून थांबवलेल्या सिनेमाची गोष्ट विचारली. नवरा दुसरीच्या नादानं घर सोडून गेलेला, वीस वर्षांनी परत आलाय, बायको दारात उभी आहे.

मी माझं सगळं साहित्य पणाला लावलं. "ती त्याला माफ करते आणि घरात घेते."

"छ्या!" तात्या उसळले. "सुशी असं म्हणली नसती!"

"मग काय म्हणाल्या असत्या?"

"घ्या म्हणली असती घरात, पन लगीच न्हाय. आदी आठ दिस भाईर ओसरीवर झोपू दे. कसा वागतोय बघू दे. आनि मग नवव्या दिवशी..."

तात्या एकदम थांबले. तोंड तसंच उघडं. माझा हात त्यांनी घट्ट धरला.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "ही बोलली की वो."