परतीची तारीख

संस्थेत कॉम्प्युटर आला तेव्हा श्यामकांत कर्णिकांनी दारावर ‘चपला बाहेर काढाव्यात’ अशी पाटी लावली आणि पहिल्याच दिवशी स्वतःची चप्पल गमावली. पण चपलेचं दुःख करायला सवड कुणाला होती? मुलुंडची ही संस्था चाकाची खुर्ची, कुबड्या, पाण्याची गादी असलं आजारपणातलं सामान लोकांना फुकट वापरायला देई. कर्णिक तिचे चिटणीस. १९८८ सालचा कॉम्प्युटर म्हणजे काय चीज होती महाराजा! मरोळच्या एका कंपनीने तो देणगीत दिला होता, पण अट घालून. रविवारी दहाला कंपनीचे साहेब येणार, तोवर सामान नेलेल्यांची सगळी यादी त्यात भरली गेली नसेल तर यंत्र उचलून दुसऱ्या संस्थेला. कार्यकारिणीत ‘हा पांढरा हत्ती कशाला?’ म्हणणारे टपलेलेच होते. यंत्र गेलं असतं तर कर्णिकांना तोंड दाखवायला जागा उरली नसती.

यादी म्हणजे वनमालाताई राणे यांची वही. चौदा वर्षं सामान त्याच देत होत्या. नोंदी अशा: ‘कुबड्या – डेअरीसमोरचे उंच गृहस्थ.’ ‘खाट – प्रेमाची सासू.’

“ताई, उंच गृहस्थांना आडनाव असेल ना?” क्षमाने विचारलं. ती कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवायची आणि संध्याकाळी संस्थेत फुकट राबायची.

“असेल की. पाय मोडलेला माणूस दारात उभा, त्याला आडनावं विचारत बसू?”

तरी बिचाऱ्या ताईंनी दोन दिवस पायपीट करून आडनावं आणि पत्ते आणले. एकशे त्रेचाळीस नावं. गाडं अडलं ते शेवटच्या रकान्याशी. परतीची तारीख! ती घातल्याशिवाय प्रोग्रॅम पुढे सरकेना, आणि वहीत तर एकही तारीख नाही.

“तुम्ही विचारतच नाही?” कर्णिक ओरडले.

ताई चिडल्या की मालवणीवर यायच्या. “मानूस खाटेवर पडलोहा आनि मी तेका इचारू, खाट परत कधी हाडतलंस? त्येचो अर्थ काय होता, कळता तुमका?”

कळत होतं. कर्णिक खाली मान घालून म्हणाले, “क्षमा, रविवारचीच तारीख टाक सगळ्यांना. साहेब काय वाचत बसणार आहेत?”

झालं! गुरुवारी यादी पूर्ण झाली. कर्णिकांना आता सगळ्या यादीला रविवारच्या समारंभाचं बोलावणं धाडायची हुक्की आली. पोस्टकार्डांचा गठ्ठाही आणला. क्षमा म्हणाली, “मला मजकूर बदलावा लागेल, उद्या छापते.” ती गेली. पण कर्णिकांना धीर कुठला? दोन बटणं तर दाबायची! तिला दाबताना बघितलं होतंच. प्रिंटर कर्रकर्र करत एकेक कार्ड ओकू लागला. इंग्रजी ठळक अक्षरं, वर रविवारची तारीख. कर्णिकांची छाती फुगली आणि मजकूर न वाचताच त्यांनी गठ्ठा थेट टपालपेटीत टाकला. दुसऱ्या दिवशी क्षमाला ‘बोलावणी गेली’ एवढंच सांगितलं; तिला वाटलं, हातानेच लिहिली.

प्रोग्रॅमला पत्र एकच येत होतं: ‘आपली मुदत रविवारी संपते. वस्तू त्वरित परत करावी.’

रविवारी नऊ वाजता गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या, खाटा, काठ्या, पाणी काढलेल्या गाद्या! क्षमाने एकाच्या हातातलं कार्ड वाचलं आणि कपाळावर हात मारला. “काका, वाट लावलीत!”

तेवढ्यात पाय कापलेले सहदेव पालव खुर्चीत बसूनच आले. सून ढकलत होती. “खुर्ची घ्या साहेब,” ते म्हणाले. “मला फक्त त्या बाकावर ठेवा. मुलगा संध्याकाळी उचलून नेईल.”

कर्णिकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी पालवांचे हात धरले. “अहो, चूक माझी. खुर्ची तुमचीच. यंत्र गेलं तर जाऊ दे.”

वनमालाताईंनी पदर खोचला. “ज्यांचं माणूस बरं झालं ते डावीकडे! ज्यांना अजून लागतंय ते उजवीकडे, आणि खुशाल घरी न्या!” त्या नाव घेत, विचारपूस करत, क्षमा टपाटप बटणं दाबत होती. डाव्या रांगेत सत्तेचाळीस वस्तू निघाल्या. वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेल्या. लोक म्हणाले, “कुणी मागितलंच नाही हो, लाजेने आम्हीही आलो नाही.” महिनाभर ताटकळलेल्या तिघांना जागच्या जागी खुर्च्या मिळाल्या.

कंपनीचे नंदकिशोर साहेब केव्हा आले ते कुणालाच कळलं नाही. गर्दीत टेकायला एकच आसन रिकामं होतं, कमोडची खुर्ची. साहेब तिच्यावर अर्धा तास बसले, आणि ती कसली आहे हे सांगायची कुणाची छाती झाली नाही.

गर्दी ओसरल्यावर ते उठले. कर्णिक हात जोडून पुढे झाले.

“कर्णिक, आमच्या ऑफिसात असे तीन कॉम्प्युटर आहेत. वर्ष झालं, अजून कव्हरसुद्धा काढलेलं नाही. यंत्र तुम्हीच ठेवा. फक्त एक मागणं आहे. रांगा लावणाऱ्या या बाई आठ दिवस आमच्याकडे पाठवाल?”

“ताई?” कर्णिक दचकून मधे उभे राहिले. “छे छे, त्या नाही देता येणार! साहेब, हवा तर कॉम्प्युटर न्या.”

वनमालाताई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, “क्षमा, चहा सांग गं. कर्णिकांच्यात साखर जास्त.”