टेंभेकर डॉक्टरांची उलटतपासणी

आमच्या घरात कोणी आजारी पडलं, की शेजारचे टेंभेकर डॉक्टर आधी मांजराची चौकशी करत. माणूस तापानं फणफणलेला, कपाळावर मिठाच्या पाण्याची घडी, आणि हे दारात उभे राहून विचारणार, "मांजर कसं आहे?" मांजर ठणठणीत आहे म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. मग नाइलाजानं ते माणसाकडे वळत.

टेंभेकर गुरांचे डॉक्टर. मूळ सातारचे, सरकारी नोकरीत बदल्या होत होत सुरतेला आले आणि कतारगामात आमच्या भिंतीला भिंत लावून राहिले. ही सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराची गोष्ट. मी मराठी शाळेत मास्तर. आळीत हिरे घासणाऱ्या चाकांची, तिथल्या भाषेत घंट्यांची, घरघर दिवसभर चालू असे, आणि त्यातून वाट काढत डॉक्टरांची सायकल संध्याकाळी परत यायची. सायकलवरून उतरताना ते नेहमी म्हणत, "थकलो बुवा, मास्तर." हे नमस्कारासारखं होतं. त्याला उत्तर द्यायचं नसे.

एकदा त्यांच्या कॅरिअरला वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं बघून आमच्या हिनं सहज विचारलं, "आज काय भाजी आणलीत?"

"कावळा," डॉक्टर म्हणाले. "मेलेला. एकाच झाडाखाली बरेच पडलेत. का मेले, कोण विचारतंय?"

त्या दिवसापासून हिनं त्यांच्या सायकलीकडे बघणं सोडलं.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "जनावर आधी सांगतं हो, माणूस उशिरा सांगतो." हे ते सगळ्यांना सांगत. दूधवाल्याला, पोस्टमनला, मुन्शिपालटीतल्या साहेबाला. कोणी ऐकून घेत नसे. माझ्या धाकट्या बहिणीला पाहायला जळगावकडची मंडळी आली, तेव्हा मुलाचे वडील बोलता बोलता म्हणाले, की रोज संध्याकाळी अंगात कणकण येते, सांधे धरतात, औषधानं काही उतार नाही. डॉक्टर कोपऱ्यात पोहे खात होते. त्यांनी बशी खाली ठेवली. "घरची गाय गाभडली होती का? वासरू अर्धवट पडलं?"

मुलाची आई पदर सावरून उठायच्या बेतात. मी डॉक्टरांना डोळ्यांनी खुणावतोय, तर ते पुढे सरसावून, "दूध कच्चंच पिता का? वार कोणी काढली? तुम्हीच ना?" पाव्हणे चहा न घेता गेले. पुढे त्या गृहस्थांचं रक्त तपासलं, ताप गाईचाच निघाला, औषध लागू पडलं आणि लग्नही झालं. पण लग्नात डॉक्टरांना कोणी पंगतीला आग्रह केला नाही. त्यांना ते जाणवलंही नसावं. ते मांडवामागे व्याह्यांच्या बैलांचे खूर बघत होते.

तर असा हा मनुष्य. एका रविवारी दुपारी माझ्या दारात येऊन म्हणाला, "मास्तर, चला. बमरोलीला जायचंय. तुमची ती भाषा लागणार आहे."

ती भाषा म्हणजे अहिराणी. मी धुळ्याकडचा. डॉक्टरांना खानदेशी बोलणं अजिबात कळत नसे. उन्हातान्हात शहराच्या दुसऱ्या टोकाला जायची माझी मुळीच इच्छा नव्हती, पण त्यांना नाही म्हणायचे श्रम जाण्याच्या श्रमांहून जास्त होते.

बमरोलीत तेव्हा शेतं संपून नव्या मिलच्या कामगारांच्या खोल्या उठत होत्या. तिथे एका बाभळीला म्हैस बांधली होती. तोंडातून लाळेची तार, आवाज घोगरा, डोळे तारवटलेले. तिच्याभोवती ही गर्दी! काही आठवड्यांपूर्वी खाडीकडून एक कोल्हं दिवसाढवळ्या वस्तीत शिरलं होतं आणि या म्हशीच्या नाकाडाला चावून पळालं होतं. आता म्हैस पिसाळली, आणि तिचं दूध अर्ध्या वस्तीनं प्यायलेलं.

डॉक्टरांनी आधी सगळ्यांना लांब हटवलं. मग चौकशी सुरू झाली. कोल्हं कुठून आलं, आणखी कोणाला चावलं, दूध उकळलं होतं का. लोक रडकुंडीला आलेले.

"साहेब, मने तो गळामां कंई थाय छे," एक जाडजूड गृहस्थ गळा धरून म्हणाले.

"चा पीधी के कच्चं दूध?"

"चा."

"तो कंई नथी. घेर जाओ." डॉक्टरांचं गुजराती एवढंच होतं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, भीती दुधातून नाही. भीती लाळेतून. हिच्या तोंडात हात कोणी घातला, ते काढा."

मी विचारलं. कोणीच घातला नव्हता. म्हशीची मालकीण सखूबाई, एक वाळकी म्हातारी, मुलगा लूमवर पाळीला गेलेला. तीही मान हलवून नाही म्हणाली. डॉक्टरांनी पुन्हा विचारायला लावलं. पुन्हा नाही. ऊन भाजत होतं. माझा घसा सुकला.

"अहो, नाही म्हणतेय ना ती!"

"तिचं तिला विचारू नका," डॉक्टर म्हणाले आणि म्हातारीशेजारी मातीत बसले. "म्हशीला काय आवडतं, ते विचारा."

मी विचारलं, आणि म्हातारी एकदम बोलायला लागली. म्हैस पारडी होती तेव्हापासूनची, गावाहून आणलेली. गूळ फार आवडायचा. हाक मारली की मान वळवायची. आणि आता दोन दिवस गूळसुद्धा गिळेना.

"मंग काय कयं, माय?" मी म्हटलं. मग काय केलंस?

"तिना घसामा काहीतरी अडकेल शे असं वाटनं मले. हात घालीसन दखं." तिचा आवाज फुटला. "मन्ही लेक शे ती, भाऊ. तुम्ही सांगशात, दूर व्हय. कशी व्हऊ?"

घशात काही अडकलंय समजून हिनंच हात घालून पाहिला, हे मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी नुसता हात पुढे केला. म्हातारीनं पदराखालून उजवा हात काढला. बोटांच्या पेरांवर दातांचे ओरखडे होते.

टेंभेकरांनी तिथल्या तिथे तिचा हात साबणानं धुतला. घासून, पुन्हा घासून, बादलीभर पाणी संपेस्तोवर. संध्याकाळी म्हैस गेली. तोवर ते म्हातारीला धरून लांब बसले होते. शेवटचं पाणी पाजायला ती उठू बघत होती, आणि हे तिला खांद्यावर हात ठेवून बसवत होते. पुढे मेंदूचा तुकडा तपासायला गेला आणि शंका खरी ठरली. पण डॉक्टर निकालासाठी थांबले नाहीत. दुसऱ्या दिवसापासूनच सरकारी दवाखान्यात सुया सुरू. रोज एक, पोटात. अशा की धडधाकट गडी पळून जावा.

मुलाला पाळी सोडता येईना. मग डॉक्टरच रोज सकाळी कतारगामहून बमरोलीला जात, सखूबाईला कॅरिअरवर बसवून दवाखान्यात नेत, परत सोडत आणि मग कामावर जात. संध्याकाळी तेच, "थकलो बुवा, मास्तर." पण थकवा आता खरा दिसायचा. पायांवर सूज येई.

सुया पुऱ्या झाल्या. म्हातारी सुखरूप राहिली. त्यानंतरच्या सकाळी मी अंगणात दात घासत होतो, तर डॉक्टर कपडे करून सायकल धरून उभे.

"आज कुठे?" मी विचारलं.

"कुठे नाही. सवयीनं निघालो." ते हँडलवरची धूळ पुसू लागले. मग म्हणाले, "मागे बसून अखंड बोलायची हो. मला एक अक्षर कळत नसे, पण रस्ता सरायचा. मास्तर, 'जेवना का' म्हणजे काय?"

"जेवलात का."

"असं?" त्यांनी चष्मा काढला. "रोज सकाळी पहिलं तेच विचारायची. मला वाटायचं, सुई दुखेल का, असं विचारतेय. मी म्हणायचो, नाही, नाही. मग ती फडक्यातून भाकरी काढून माझ्या हातावर ठेवायची. मी ती फी समजून खात होतो."

त्यांनी चष्मा सदऱ्याला पुसून पुन्हा घातला आणि सायकल वळवली.

"सुया संपल्या ना?" मी म्हटलं.

"संपल्या," ते म्हणाले. "तरी जाऊन येतो."