दहाचा धक्का

विज्ञान संस्थेचं पत्र आलं तेव्हा आप्पांचं चाक सलग एकेचाळीस दिवस फिरत होतं. ते का फिरतंय याबद्दल घरातल्या चार माणसांची चार मतं होती आणि चौघंही आपापलं मत तोंडातून बाहेर पडू नये म्हणून जपत होते.

आप्पांनी अडतीस वर्षं शिलाई मशिनं दुरुस्त केली. दुकान बंद केल्यावर त्यांच्या हातांना काही उद्योगच उरला नाही. सात महिने ते बाहेरच्या खोलीत भिंतीकडे बघत बसले. चहा दिला तर पीत, नाही दिला तर मागत नसत. त्यांच्याशी भांडायला मिळेना म्हणून माई खंगायला लागल्या. मग एके दिवशी आप्पांनी पायमशिनचं जुनं जड चाक माळ्यावरून खाली काढलं, दोन बेअरिंगांच्या मध्ये उभं बसवलं, कडेला बारा पत्र्याच्या डब्या ठोकल्या, त्यांत शिशाच्या गोळ्या सोडल्या आणि जाहीर केलं, "एकदा ढकललं की झालं. आता हे थांबणार नाही."

त्या दिवशी ते दोन वेळा पोटभर जेवले आणि आमटीला मीठ कमी आहे म्हणून माईंशी भांडले. घराच्या जिवात जीव आला.

"त्यांना आधी पत्र मीच पाठवलं होतं," मुलगा छाती फुगवून म्हणाला. तो पाणीपुरवठ्याच्या पंपावर सकाळच्या पाळीला होता आणि यंत्रांतलं आपल्याला कळतं अशी त्याची समजूत होती. "परवा परीक्षक येतायत, चाक तपासायला."

आप्पांचा घास हातातच राहिला. "तुला कुणी सांगितलं होतं हा शहाणपणा करायला?"

"अहो आप्पा, एकेचाळीस दिवस! जगात कुठे झालं नाहीये हे!"

"म्हणूनच विचारतोय," आप्पा म्हणाले. मग ते ताटावरून उठले आणि चाकाला तेल घालायला गेले. माईंनी सुनेकडे बघितलं, सुनेनं भाताकडे बघितलं.

परीक्षक म्हणून आल्या त्या एक पन्नाशीच्या बाई. खांद्याला मोठी पिशवी, पायात दणकट बूट. सव्वीस वर्षांत त्यांनी अशी त्रेपन्न यंत्रं तपासली होती आणि त्रेपन्नही निकालात काढली होती. एकाच्या टेबलाच्या पायात बॅटरी निघाली, एकाच्या भिंतीत लोहचुंबक निघालं आणि एकाच्या फळीखाली तर त्याचा मेहुणा बसलेला सापडला.

"आमच्याकडे मेहुणे येत नाहीत," आप्पा म्हणाले. "हिच्या भावाशी माझं बोलणं नाही."

बाईंनी पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, चाकाखालच्या टेबलाचे चारही पाय ठोकून पाहिले. होकायंत्र फिरवलं. पाणसळ लावून जमीन उताराची आहे का तेही बघितलं. शेजारच्या पिठाच्या गिरणीचा कंप येत असेल म्हणून मुलाला पाठवून दहा मिनिटं गिरणी बंद करवली. चाक आपलं फिरतच होतं. बाईंच्या कपाळावर एक आठी चढली. ती आठी बघून मुलाच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं की जणू नोबेल त्याच्याच खिशात आहे.

"नोंदी काही ठेवल्यात का?"

आप्पांनी वही पुढे केली. तास, मिनिटाला किती फेरे, तेल कधी घातलं, सगळं रकाने आखून लिहिलेलं. शेवटचा रकाना 'कारण' म्हणून होता आणि तो पहिल्या पानापासून कोरा होता.

"आकडे खरे आहेत ना?"

"खोट्या आकड्यानं मशीन चालत नाही, मॅडम."

बाई वाचत गेल्या. पाचव्या पानावर थांबल्या, मागे गेल्या, पुन्हा पुढे आल्या. "रोज सकाळी सहाला वेग वाढतो. अकराला वाढतो. दुपारी चारला वाढतो आणि रात्री दहाला वाढतो."

"वाढतो खरा," आप्पा म्हणाले.

"का?"

"तेच शोधायला तर तुम्हाला बोलावलंय!" मुलगा म्हणाला. पण आवाज जरासा चिरकला.

"रविवारी सहाचा आकडा आठला सरकलाय. सगळ्याच रविवारी." बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "सुट्टीच्या दिवशी यंत्र उशिरा उठतं का?"

माईंना एकदम गॅसवर काहीतरी ठेवल्याची आठवण झाली.

"आणि सतरा तारखेला लिहिलंय, 'परत आलो. चाक उलट दिशेने.' कुठून परत आलात?"

"भाचीच्या लग्नाहून. दोन दिवस सगळेच गेलो होतो."

"घराची किल्ली?"

"शेजारच्या आजोबांकडे."

"ते डावखुरे आहेत का हो?"

सून म्हणाली, "असतील. कधी बघितलं नाही." आजोबा त्यांच्याकडे डाव्या हातानं पत्ते पिसायला आठवड्यातून तीनदा येत असत.

बाईंनी वही मिटली. "आता असं करू. मी आत बसते. दाराला आतून कडी. संध्याकाळी पाचपर्यंत घरातलं कुणी आत यायचं नाही. चाक फिरत राहिलं तर मी तसं लिहीन, थांबलं तर तसं लिहीन."

तेव्हा पावणेअकरा झाले होते.

अकराला पाच मिनिटं कमी असताना सुनेनं दार वाजवलं. ती दवाखान्यात नर्स होती, रोज अकराला दुपारच्या पाळीला निघायची, आज मुद्दाम रजा काढली होती. "मॅडम, माझी छत्री आत राहिलीय."

"ऊन पडलंय," आतून उत्तर आलं.

साडेअकराला माई चहा घेऊन गेल्या. "दाराबाहेर ठेवा, मी घेईन." साडेबाराला मुलगा गेला आणि पंख्याचं बटण कधीकधी शॉक देतं, मी दाखवतो, म्हणाला. पंखा बंदच आहे, असं त्याला सांगण्यात आलं. एक वाजता तिघं स्वयंपाकघरात एकमेकांसमोर येऊन बसले. आप्पा बाहेर पायरीवर होते.

"थांबणार ते," माईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "सहाचा धक्का कितीसा पुरणार?"

"सहाचा कसला धक्का?" मुलानं विचारलं.

माईंनी पदराला नाक पुसलं. "तिसऱ्याच दिवशी सकाळी उठून बघते तर थांबायला आलेलं. हे झोपलेले. सात महिन्यांनी घोरत होते रे पहिल्यांदा! मग दिला एक धक्का. तेव्हापासून रोज देते. एकच हं. बाकी दिवसभर ते आपलं आपणच फिरतं."

सुनेनं कपाळाला हात लावला. "आपलं आपण नाही हो आई. अकराला जाता जाता मी देते. मला वाटलं माझा एकटीचाच आहे."

दोघींनी मुलाकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते.

"तू पण?"

"चारला. पाळीवरून आलो की. पण मी म्हटलं, चोवीस तासांत माझा एकच धक्का, म्हणजे तेवीस तास पंचावन्न मिनिटं तर ते स्वतःच्या बळावर फिरतं ना! एवढं तरी जगाला कळायला नको का?"

"म्हणून पत्र लिहिलंस?" सून म्हणाली. "आणि मला वाटायचं, यंत्रांतलं तुला कळतं."

"तूही देत होतीस, मग बोलली का नाहीस?"

"तू तरी कुठे बोललास!"

माईंनी दोघांना गप्प केलं. त्या बोटं मोजत होत्या. "सहाचा मी. अकराचा हिचा. चारचा तुझा. मग दहाचा कुणाचा?"

तिघंही विचारात पडले. दहाला सून दवाखान्यातून नुकतीच आलेली असते आणि जेवत असते. मुलगा पहाटे उठायचं म्हणून नऊलाच आडवा होतो. माई सुनेला वाढत असतात. शेजारच्या आजोबांचा संशय घेऊन झाला, पण ते आठनंतर घराबाहेर पडत नाहीत.

"म्हणजे थोडंसं ते खरंच..." मुलगा हळूच म्हणाला.

"गप रे," माई म्हणाल्या. पण त्यांच्याही चेहऱ्यावर गोंधळ होता. दोन वाजले, तीन वाजले. हिशेबानं चाक केव्हाच थांबायला हवं होतं. आता पाचला दार उघडणार आणि पायरीवर बसलेला माणूस पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसणार, एवढं एकच माईंना दिसत होतं. आपणच वेळीच खरं बोललो असतो तर बरं झालं असतं, असं त्यांना फार वाटलं.

पाचला कडी निघाली. आप्पाही पायरीवरून उठून आले. चाक फिरत होतं.

नुसतं फिरत नव्हतं, मजेत फिरत होतं. मुलानं दाराची चौकट धरली. सुनेच्या तोंडाचा आ झाला. माईंनी हात जोडले आणि कुणाला जोडले ते न कळून पुन्हा सोडले.

परीक्षक बाईंनी मात्र पिशवी आवरायच्या निमित्तानं मान खाली घातली होती.

"लिहा मॅडम!" मुलगा ओरडला. "फिरत राहिलं!"

"लिहिता येणार नाही. चाचणी रद्द झालीय."

"कशानं?"

बाईंनी पिशवीचा पट्टा दोनदा काढून पुन्हा बसवला. "दोन वाजून दहा मिनिटांनी ते थांबायला आलं. मी हातात घड्याळ धरून बसले होते. शेवटचा फेरा... वर जाईना, खाली येईना. आणि समोर यांची ही वही उघडी. उद्याच्या तारखेचे रकाने सुद्धा आखून ठेवलेत." त्या थांबल्या. "माझा हात गेला."

"तुम्ही धक्का दिलात?" सून म्हणाली.

"सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. परीक्षकाचा हात लागला की चाचणी बाद, असा नियम आहे. मला तसं अहवालात लिहावं लागेल. मग संस्था दुसरा परीक्षक पाठवेल. दोन-तीन महिने लागतील." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "तोपर्यंत यंत्र खरं म्हणता येत नाही, खोटंही म्हणता येत नाही."

आप्पांनी त्यांना पायरीपर्यंत सोडलं. जाताना बाई म्हणाल्या, "दुसरे परीक्षक माझ्यापेक्षा कडक आहेत हं."

"खुर्ची चाकाच्या जवळच ठेवतो त्यांची," आप्पा म्हणाले.

ते आत आले तेव्हा तिघं चाकाभोवती अपराध्यासारखे उभे होते. कुणी सुरुवात करायची हे ठरत नव्हतं. शेवटी माईंनीच धीर केला. "अहो, एक विचारू? रागावू नका. हा दहाचा धक्का..."

"दहाचा माझा."

"म्हणजे तुम्हाला सगळं..." मुलगा अडखळला.

"आठव्या दिवशी. कपाटाच्या काचेत तुझी आई दिसली मला, चवड्यांवर चालत येताना. मग अकराला कोण, चारला कोण, हे कळायला काय लागतं? अडतीस वर्षं हातांवरून माणसं ओळखली मी. रात्रभर पुरेना म्हणून दहाचा मी घेतला."

"मग वहीत कारणाचा रकाना कोरा का ठेवलात?" सुनेनं विचारलं.

"लिहिलं असतं तर तुम्ही वाचलं असतं. आणि यायचं थांबला असतात."

आप्पांनी वही उघडली, दोन वाजून दहा मिनिटांपुढे कारणाच्या रकान्यात 'मॅडम' असं लिहिलं, टोपण लावलं आणि चष्मा काढून माईंकडे वळले.

"आणि तू सहाचा जरा हळू मारत जा. बेअरिंग खातंय."