ऑस्टबींच्या जेवणातले चौदा चेहरे

"मग सोल्वेग, तू कोणता पदार्थ आहेस?" आर्डिस क्वामेबाईंनी विचारलं.

"कुठलाही चालेल, बाई," सोल्वेग म्हणाली. "तुम्हाला सोयीचा असेल तो."

वर्गातलं हे चौदावं 'चालेल'. मिनेसोटातल्या त्या गावात पोरं पाळण्यात असल्यापासून हेच शिकतात. आपली आवड सांगून समोरच्याला अडचणीत टाकायचं नाही. आर्डिसबाईही त्याच गावच्या. पण बावीस वर्षं चित्रकला शिकवून त्यांना एक खोड जडली होती. हे 'चालेल' खरवडलं तर खाली कोण सापडतं, याची त्यांना भारी उत्सुकता. म्हणून त्यांनी फर्मान काढलं, "घरून आपल्या आवडीचं खाणं आणा आणि ताटात त्याचाच आपला चेहरा करा. सोयीचा नको, आपला!"

बाईंचंही त्यात बरंच काही अडकलं होतं. मुख्याध्यापक लिंडक्विस्ट पुढच्या वर्षी चित्रकलेचा वर्ग बंद करून तिथे हॉकीचा तास घालणार होते. "शुक्रवारी चारला येतो, मुलांनी काय केलंय ते बघतो आणि मग ठरवतो," असं त्यांनी बजावलं होतं.

शुक्रवारी दोनच्या सुमारास कॅन्टीनच्या लांब टेबलावर चौदा चेहरे तयार झाले. गॅरेटने हॅमचे गाल केले, कुणी लोणच्याचे डोळे लावले, कुणी मॅकरोनीचे कुरळे केस. सोल्वेग बराच वेळ नुसती ताटाकडे बघत बसली. मग तिने लेफ्सा, म्हणजे घरची बटाट्याची मऊ पोळी, गोल कापली आणि तिच्यावर झणझणीत मोहरीच्या चटणीने दोन जाडजूड भुवया काढल्या. बाई चकितच झाल्या. या मुलीच्या घरी मिरपूडसुद्धा पाहुण्यांपुरती निघायची! माशा बसू नयेत म्हणून बाईंनी सगळ्या ताटांवर चंदेरी कागद दाबला आणि मुलांना घेऊन त्या वर्गात नावाच्या पाट्या रंगवायला गेल्या.

तिथेच घोळ झाला. त्या दिवशी म्हाताऱ्या पामर ऑस्टबींचा दफनविधी होता. दफनानंतरचं जेवण नेहमी चर्चच्या तळघरात व्हायचं, पण पाइप फुटून तिथे गुडघाभर पाणी साचलेलं. चर्चच्या बायकांनी शाळेला फोन करून कॅन्टीन मागितलं. ऑफिसने लगेच हो म्हटलं आणि आर्डिसबाईंना सांगायचं मात्र विसरलं. बायका आल्या, तर लांब टेबलावर झाकलेली चौदा ताटं! गावच्या रीतीप्रमाणे ती दुःखातल्या घरासाठी कुणीतरी मुकाट ठेवून गेलेली असणार, यात त्यांना शंकाच वाटली नाही. कागद काढल्यावर दिसलेले चेहरे ही सजावट समजून त्यांनी प्रत्येक ताटात एकेक चमचा खोचला.

चार वाजता मुलांना घेऊन आलेल्या बाईंनी मुख्याध्यापकांसाठी कॅन्टीनचं दार ऐटीत उघडलं. आत काळ्या कपड्यांतली साठ माणसं शांतपणे कॉफी पीत होती.

"बाई, माझा चेहरा कुठाय?" गॅरेटने विचारलं.

"खाल्ला रे राजा," ऑस्टबींची विधवा व्हर्नाआजी म्हणाल्या. "हॅम काय सुरेख होतं!"

घोटाळा कळल्यावर चर्चच्या बायकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ताटं अगदीच रिकामी नव्हती. शेवटचा घास उचलणं म्हणजे त्या गावात निर्लज्जपणाची हद्द. उरलेला तुकडा अर्धा करतात, त्याचाही अर्धा करतात, पण संपवत नाहीत. त्यामुळे कुठे एक डोळा उरला होता, कुठे नखाएवढं हसू. चिडायचं विसरून आर्डिसबाई कुणाचं काय उरलंय ते बघत ताटामागून ताटावर वाकत गेल्या.

"वेगळंच आहे," लिंडक्विस्ट म्हणाले.

वाकलेल्या बाई झटकन सरळ झाल्या. जे खाणं पुन्हा तोंडात घालायचं नाही, त्यालाच तिथे 'वेगळंच' म्हणतात.

"ते मोहरीच्या भुवयांचं ताट कुणाचं?" व्हर्नाआजींनी विचारलं.

"माझं!" सोल्वेग एवढ्या मोठ्याने ओरडली की दोघांची कॉफी सांडली. "आणि ती मोहरी मी रोज खाते! आई नको म्हणते तरी!"

मग काय, एकच गलका झाला. "लोणच्याचे डोळे माझे! सगळ्यात आधी तेच संपले!" "हट्! आधी माझे केस संपले!" बाईंनी बोटांवर मोजलं. चौदाच्या चौदा सापडले होते.

"आमचे हे पंचावन्न वर्षं जे वाढेन ते मुकाट खायचे," व्हर्नाआजी म्हणाल्या. "त्यांना खरं काय आवडायचं, मला अजून ठाऊक नाही." मग त्या मुख्याध्यापकांकडे वळल्या. "लिंडक्विस्ट, मी गेले की माझ्याही जेवणाला याच वर्गाची ताटं हवीत."

"अहो व्हर्नाबाई, पण तुम्ही तर चांगल्या ठणठणीत आहात!"

"मग तोवर वर्ग चालू ठेवा."

त्याच दिवशी नवऱ्याला मूठमाती देऊन आलेल्या बाईला, साठ माणसांदेखत नाही म्हणायची लिंडक्विस्टांची छाती झाली नाही. त्यांनी मान डोलावली.

तेव्हापासून आर्डिसबाई दर सोमवारी व्हर्नाआजींच्या घरी जातात. दारातलं बर्फ काढतात, औषधं घेतली का विचारतात, शिडीवर चढू नका म्हणून दटावतात. एवढी माया सख्ख्या सुनांनीही केली नाही, असं आजी गावभर सांगत असतात.